कुठंच जायचं नाही तर चालायचं कशाला?

आईची साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "आजी, रोज अर्धा तास वॉकिंग करायची." आईला कळलं नाही. "चालायचं हो, चालायचं," डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं.

"कुठं?" आईने विचारलं.

"कुठंच नाही. नुसतं चालायचं."

आई गप्प बसली. बाहेर आल्यावर मेडिकलसमोरच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "मपलं सारं आयुष्य चालण्यातच गेलं की गं. आता कुठंच जायचं नाही तर चालायचं कशाला?"

मी अंबाजोगाईला अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. वॉक, स्ट्रोल, ट्रज, प्लॉड, लिम्प, स्ट्राइड, स्टॅगर, टॉडल हे चालण्याचे शब्द मी इतक्या वर्षांत इतक्यांदा फळ्यावर लिहिलेत की खडू आपोआप वळतो. पण त्या पायरीवर बसलेल्या आईच्या प्रश्नानंतर ही यादी मला पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली.

आधी वॉकिंगचंच बघा. इंग्रजीत वॉक सगळेच करतात, मजूर, शिपाई, चोर, राणी. मराठीत आल्यावर हा शब्द आकसला. मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे बूट घालून, हात हलवत जाणारे गुरुजी वॉकिंग करतात. त्याच रस्त्याने, त्याच वेळी, दोन्ही हातांत दुधाच्या कॅन घेऊन समोरून येणारा माणूस वॉकिंग करत नसतो. तो पायी येत असतो. पावलं दोघांची सारखीच पडतात, कदाचित दूधवाल्याची जास्त. तरी शब्द एकालाच मिळाला. म्हणजे आपण इंग्रजीकडून चालण्याला शब्द घेतलेला नाही. तो आपल्याकडे होताच. आपण घेतला तो कुठंच न जाता चालण्याला, कारण त्याची गरज आपल्याला यापूर्वी पडली नव्हती.

वर्गात हे शब्द शिकवायचे तर चालूनच दाखवावे लागतात. स्ट्रोल म्हणजे हात मागे बांधून, मन मोकळं ठेवून. ट्रज म्हणजे अंगात त्राण नाही आणि वाट अजून बाकी आहे, असं. ट्रज शिकवायला मला कधी त्रास पडला नाही. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानातून, पांदणीने एकदा जाऊन या. चार पावलांत चपलेला शेर-शेरभर माती चिकटते, दहाव्या पावलाला चपला हातात घ्याव्या लागतात, मग पाय रुततो, उपसावा लागतो, पुन्हा रुततो. मुलांना एवढं सांगितलं की पुरतं. इंग्रजीतल्या 'वेड' (wade) या शब्दाला मात्र आपल्याकडे एक शब्द नाही. पाण्यातून, पाण्याचा जोर मांड्यांवर घेत चालणं. गंगाखेडच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या म्हाताऱ्यांना हे चालणं चांगलंच माहीत आहे, पण ते म्हणतात, "गंगा उतरून गेलो." गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. पाण्यातून कसे गेले ते त्या वाक्यात नाही. पलीकडे गेले एवढंच आहे.

आणि इथे मला आईचा "कुठं?" ऐकू आला.

इंग्रजी म्हणते, 'ही लिम्प्ड आउट.' लंगडणं हेच क्रियापद. बाहेर जाणं मागच्या चिमुकल्या शब्दावर सोडलेलं. मराठीत आपण म्हणतो, तो लंगडत बाहेर गेला. वाक्याचा कणा 'गेला' आहे, लंगडणं त्याला येऊन जोडलेलं. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाभ्यासकाने १९८५ साली जगातल्या भाषांची याच अंगाने विभागणी मांडली. काही भाषा हालचालीची तऱ्हा क्रियापदात ठेवतात, काही भाषा दिशा. त्याने वापरलेल्या पारिभाषिक शब्दांपेक्षा मला ही गोष्ट आमच्या गावच्या पारावर जास्त नीट समजते. येणे, जाणे, निघणे, पोचणे, चढणे, उतरणे, शिरणे, ओलांडणे, परतणे. आपली हालचालीची रोजची क्रियापदं घ्या, त्यातली बहुतेक कुठून आणि कुठं तेच सांगतात. पारावरून जाणाऱ्याला आमच्याकडे "कसे आहात" कोणी विचारत नाही. "कुठं चाललाव?" विचारतात. उत्तर नाही दिलं तर माणूस रागावला आहे असं समजतात. आई डॉक्टरांना जे विचारत होती ते साधं मराठी व्याकरण होतं.

चालण्याची तऱ्हा आपण सांगतच नाही असं मात्र नाही. ती आपण आवाजात सांगतो. लेकरू दुडुदुडु येतं. सुनेला काही बोललं की ती तरातरा आत जाते. झपझप जाणाऱ्याला वेळेवर पोचायचं असतं. कोंबडी तुरुतुरु जाते, आणि दवाखान्यातल्या नव्या नर्सबाईही. टॉडल या शब्दात लेकराचं वय आहे, दुडुदुडुमध्ये त्याच्या पायाखालची जमीन वाजते. तरातराला इंग्रजीत नेमकं काय म्हणावं हे मला आजही एका शब्दात सांगता येत नाही. स्टॉम्पमध्ये पाय आपटणं आहे, राग आहे, पण तरातरामधला वेग नाही, आणि पाठमोरा पदर तर नाहीच.

गेल्या वर्षी अकरावीच्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, 'माय पेरेंट्स स्ट्रोल टू द शुगर फॅक्टरी एव्हरी इयर.'

बीड जिल्ह्यात हे वाक्य कोणालाही थांबवेल. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊस तोडायला कारखान्याला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि पाडव्याच्या आगेमागे परत. मुलगी आजीजवळ राहून शिकत होती. मी तिला टेबलाजवळ बोलावलं आणि विचारलं, स्ट्रोल का लिहिलंस? ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं ना मॅडम, घाई नसते तसं चालणं. कारखान्याला निघताना आमच्यात कोणीच घाई करत नाही."

मी लाल पेन खाली ठेवला.

त्या दिवशी घरी येऊन स्ट्रोलचा इतिहास वाचला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात फुरसत नव्हतीच. स्ट्रोल करत ते बेघर लोक, गावोगाव हिंडून पोट भरणारे. खेळ करत फिरणाऱ्या नटांना स्ट्रोलिंग प्लेअर्स म्हणत. नंतर हळूहळू हा शब्द बागेतल्या वाटेवर आला, हात मागे बांधून चालू लागला. ट्रॅम्पचं उलटं झालं. मुळात त्याचा अर्थ नुसता जड पावलं टाकत चालणं. पुढे तो रस्त्यावरच्या कफल्लक माणसाचं नाव झाला. एक शब्द वर गेला, एक खाली आला.

आपल्याकडे भटकणं या एकाच शब्दाने दोन्ही बघितलं. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून भटक्या जातींतल्या कित्येक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा जाऊन त्या जमाती विमुक्त झाल्या ३१ ऑगस्ट १९५२ ला. भटके-विमुक्त हा शब्द आजही जातीच्या दाखल्यावर लिहिला जातो. लहानपणी उशिरा घरी आलं की वडील विचारायचे, "कुठं भटकत होतीस?" आणि आता शहरातली माणसं शनिवार-रविवारी भटकंतीला जातात, फोटो टाकतात, खाली लिहितात भटकंती. माझा त्यावर राग नाही, मीही जाते. पण ज्याला घर आहे त्याची ती भटकंती आणि ज्याला नाही त्याचं ते भटकणं, एवढा फरक तो शब्द उच्चारताना माझ्या मनात राहतो.

तर त्या मुलीसाठी मी शब्द शोधला. मूव्ह? तो चालला असता. बिऱ्हाड हलवणं इंग्रजीतही त्याच शब्दाने होतं, आणि माणूस आतून हेलावतो तेव्हाही तोच. पण मला सापडला ट्रेक, आणि तो सापडल्यावर मला फार आनंद झाला. आपल्याकडे ट्रेक म्हणजे सह्याद्रीतला किल्ला, पाठीवर सॅक. मुळात डच भाषेतला हा शब्द, अर्थ ओढणे. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेले डच वंशाचे शेतकरी १८३० नंतरच्या दशकात केप वसाहत सोडून बैलगाड्या घेऊन आत निघाले. त्या स्थलांतराचं नाव ग्रेट ट्रेक. इंग्रजीने शब्द उचलला तो त्यांच्याकडून. बैल, गाडी, गाडीत भांडीकुंडी, वर लेकरं. म्हणजे आमच्या उसतोडवाल्यांचंच चित्र. खरा ट्रेक करतात ते हे लोक, असं मी दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण मॅडम, आता पायी कोणी जात नाही. ट्रकनं जातात. बैलंबी ट्रकातच घालतात. चालणं तिथं गेल्यावर."

"तिथं गेल्यावर कुठं?"

"पहाटं कोपीतून फडात. मग मोळी डोक्यावर घेऊन फडातून गाडीपर्यंत. दिवसभर तेच."

"त्याला घरी काय म्हणता तुम्ही?"

"वाहणं."

मोळ्या वाहणं. त्या शब्दात चालणं कुठे ऐकूसुद्धा येत नाही. डोक्यावरचं ओझं तेवढं दिसतं, खालचे पाय दिसत नाहीत. मला तेव्हा आईचं सगळं बोलणं आठवलं. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती, नुकती लग्न होऊन आलेली. काम होतं पाझर तलावाच्या भरावावर, गावापासून दोन कोसांवर. ती तेव्हाचं सांगते तेव्हा असं सांगते: "मातीकामाला जायचो. पाटीनं माती टाकायचो. सुकडी आणायचो. मिलोच्या भाकरी करायचो. पाणी तर वडगावच्या हिरीवरून आणायचं." जाणे, टाकणे, आणणे. रोज चार कोस जाणं-येणं, भरावावरच्या खेपा वेगळ्या, पाण्याच्या वेगळ्या, आणि या सगळ्या बोलण्यात 'चालायचो' हा शब्द एकदाही येत नाही. आमची भाषा कुठं आणि कशासाठी ते सांगते, आणि त्यात मधली वाट विरून जाते. म्हणून त्या पायरीवर ती "आयुष्य चालण्यातच गेलं" म्हणाली ते मला इतकं लागलं. तिच्या तोंडून ही मोजदाद मी पहिल्यांदा ऐकत होते.

ट्रजमध्ये थकवा आहे, पण डोक्यावरची पाटी नाही. वाहण्यात पाटी आहे, थकवा नाही. डोईवर दोन घागरी, कडेवर लेकरू, मान अजिबात हलू न देता कमरेतून चालणं. मराठवाड्यातल्या लाखो बायकांनी हे केलं. या चालीला ना त्या भाषेत शब्द आहे ना या भाषेत. गाण्यांतून ठुमकणं लिहितात. ते खोटं आहे. पाणी सांडू नये म्हणून जी चालते ती ठुमकत नाही.

एवढं असूनही कसं आणि कुठं यांची फारकत कायमची नसते. यात्रेकरूंच्या पायाशी दोन्ही भाषा जवळ येतात असं मला वाटतं. कँटर हा घोड्याच्या सावकाश दौडीचा शब्द कँटरबरीवरून आला. थॉमस बेकेट ११७० साली तिथल्या चर्चमध्ये मारला गेला, त्याच्या समाधीला जाणारे यात्रेकरू ज्या वेगाने घोडे नेत तो वेग म्हणजे कँटर. सॉन्टर, म्हणजे रमतगमत चालणं, हा 'सांत तेर' या पवित्र भूमीच्या फ्रेंच नावावरून आला असं सांगतात. रोम म्हणजे हिंडणं, तो रोम शहरावरून आला असंही सांगतात. शब्दकोशकारांना ही दोन्ही मतं मान्य नाहीत, आणि ते बरोबरच असणार. पण लोकांना असं वाटावं, यात काहीतरी आहे. निरर्थक हिंडण्याच्या शब्दातही त्यांनी एक देऊळ शोधलं. जर्नी या शब्दात फ्रेंच दिवस आहे, एका दिवसात तोडायचं अंतर. आपल्या मजल या अरबी मुळाच्या शब्दातही तेच, दिवसभराची वाट आणि तिच्या शेवटी मुक्काम.

शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीला जाताना परभणी, गंगाखेड, परळी करत अंबाजोगाईला येते. गंगाखेड म्हणजे जनाबाईंचं गाव, त्यामुळे आईला ती पालखी माहेरची वाटते. मी दर वर्षी तिला घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहते. शिस्तीत, टाळाच्या ठेक्यावर पडणारी ती पावलं बघून मला वाटतं, मार्च म्हणावं का याला? नाही. मार्चमध्ये हुकूम आहे, इथे ठेका आहे. मार्च हा शब्द मराठवाड्याने दुसरीकडे, अगदी त्याच्या जागी वापरला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून तेव्हाच्या औरंगाबादकडे माणसं पायी निघाली, त्याला सगळे लाँग मार्चच म्हणाले. कूच हा शब्द आपल्याकडे होता, तरी कोणाला त्याचं भाषांतर करावंसं वाटलं नाही. नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला. कुठं ते ठरलेलं होतं आणि कसं तेही, म्हणून तो शब्द जसाच्या तसा मराठी झाला.

राहिला वॉक. तोही मी शेवटी काढून बघितला. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मुळाचा अर्थ चालणं नव्हताच. लोळणं, घुसळणं, लाटेसारखं हेलकावणं असा काहीसा होता. पायांनी चालणं हा अर्थ त्याला साधारण तेराव्या शतकात येऊन चिकटला. त्याआधीपासून वॉकर नावाचा एक धंदा होता. नवं विणलेलं लोकरीचं कापड पाण्यात घालून दाट व्हावं म्हणून पायांनी तुडवणारा तो वॉकर. इंग्रजांत आज हे आडनाव आहे. एका जागी, पाण्याच्या टाकीत, दिवसभर चालणारा माणूस. कुठंच न जाता चालणं हे त्या शब्दात इतकं जुनं आहे. आणि १८१८ च्या सुमाराला विल्यम क्यूबिटने इंग्लंडमधल्या तुरुंगांसाठी एक चाक बनवलं, कैद्यांनी त्याच्या पायऱ्या तासन्‌तास चढायच्या आणि जागीच राहायचं. खाली धान्य दळलं जायचं. ट्रेड म्हणजे तुडवणं, मिल म्हणजे चक्की. ती ट्रेडमिल. शिक्षा म्हणून काढलेली. आज तिचं नाव आमच्या गावातल्या जिमच्या पाटीवर आहे.

मी आईला वॉकरची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग त्याचं कापड तरी होत होतं."

ती चालायला लागली, पण तिच्या पद्धतीने. सकाळी दूध आणायला, जवळचं दुकान सोडून लांबच्या. दुपारी कोथिंबिरीला. संध्याकाळी योगेश्वरीला. निघताना दर वेळी, "योगेश्वरीला जाऊन येते." नुसतं "चालून येते" असं ती कधी म्हणाली नाही, आणि मीही पुन्हा तो विषय काढला नाही. साखर थोडी उतरली.

श्रावणातल्या एका संध्याकाळी ती दिवेलागण झाली तरी आली नाही. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. शेवटी आली ती चपला हातात घेऊन. दोन्ही चपलांना काळी माती, लुगड्याचा काठ ओला.

"कुठं गेली होतीस गं?"

"कुठंच नाही." नळाखाली पाय धरत ती म्हणाली. "पाऊस उघडला म्हणून पांदीनं गेले तशीच. मुगाला शेंगा लागल्यात बघ चांगल्या. लई लांबवर गेले. मग आले."

मी काडीने तिच्या चपलेची माती काढत बसले. ती खांबाला टेकून बघत होती.

"किती झालं असंल गं? अर्धा तास?"

"सव्वा तास झाला, माय."

"मग उद्याचंबी झालं का?"